चौदावी पिन

जुना सीडी प्लेअर उघडून बसलेल्या माणसाला ‘काय बिघडलंय?’ असं कधी विचारू नये. काहीही बिघडलेलं नसतं. बिघडलेला प्लेअर दुरुस्तीवाल्याकडे जातो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून जो उघडला जातो, तो उत्तम चालणारा असतो. आत काय काय आहे ते आधी डोळे भरून पाहायचं आणि मग त्यातलं काय काढून टाकता येईल याचा विचार करत बसायचं, असा हा छंद आहे.

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाल्यावर या छंदाला लागले. त्यांच्याकडे फिलिप्सचा १९८० च्या दशकातला प्लेअर आहे. मेहुण्यांनी आखातातून येताना आणलेला. तेव्हा त्याला ठेवायला सुताराकडून खास कपाट करून घेतलं होतं आणि पाहुण्यांना आधी कपाट उघडून प्लेअर दाखवला जाई, मग चहा. आजही तो सीडी पोटात घेतो आणि निमूट गातो. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही तक्रार केली नाही, म्हणूनच बहुधा त्याच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली. आरोपीचं नाव एसएए ७२२०. हुद्दा डिजिटल फिल्टर. वर्णन काळासावळा, २४ पिना, हात लावला तर चांगलाच गरम. आरोप असा की, हा इसम आवाजातला जीव काढून घेतो.

खटला समजून घ्यायचा तर थोडं मागे जायला हवं. सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेले, डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. हे ४४,१०० कुणा गवयाने किंवा कानाच्या डॉक्टरने ठरवलेले नाहीत. एवढे आकडे साठवायला त्या काळी व्हिडिओ टेपच काय ती हाताशी होती, म्हणून तिच्या मापाने ते बेतले गेले. युरोपातल्या टीव्हीच्या चित्रात सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात कामाच्या २९४ रेघा, दर रेघेवर ३ नमुने. जपान-अमेरिकेत ६० फील्ड, २४५ रेघा, नमुने तेच ३. दोन्ही गुणाकार करून पाहावेत. मी कागद घेऊन केले. स्नेह्यांनी बँकेतल्या सवयीने तोंडी केले आणि वर ‘टॅली झालं’ म्हणाले.

आकड्यांचा परत आवाज करायला गेलं की एक भुताटकी होते. मूळ सूर येतोच, शिवाय ४४.१ किलोहर्ट्झच्या दोन्ही अंगांना त्याची प्रतिबिंबं उभी राहतात. २० किलोहर्ट्झच्या सुराचं भूत २४.१ वर दिसतं. माणसाला ते ऐकू येत नाही, पण अँप्लिफायरला येतं आणि त्याचं डोकं फिरू शकतं. म्हणजे २० पर्यंतचं सगळं जसंच्या तसं सोडायचं आणि २४ च्या वरचं काही म्हणजे काही सोडायचं नाही. मधे मोकळी जागा चार किलोहर्ट्झची. एवढ्या अरुंद जागेत उतरायचं हे काम कॉइल-कपॅसिटरांच्या अ‍ॅनलॉग फिल्टरकडून करून घ्यायचं, तर तो आपल्या बाजूने सुरात थोडी ढवळाढवळ करणारच.

सोनीने ती ढवळाढवळ पत्करली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचा सीडीपी-१०१ जपानमध्ये १,६८,००० येनला विकायला आला, तो याच वाटेने. त्यात आणखी एक काटकसर होती. आकड्यांचा आवाज करणारी चिप, म्हणजे डीएसी, एकच. ती आळीपाळीने डाव्या आणि उजव्या बाजूला बघायची. त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा साधारण ११ मायक्रोसेकंद मागे. रसिकांनी यावरही बरंच चर्वितचर्वण केलं. ११ मायक्रोसेकंदांत आवाज जेमतेम चार मिलिमीटर जातो. ऐकणाऱ्याने दाद द्यायला मान हलवली तरी कान त्याहून जास्त सरकतात.

फिलिप्सची अडचण निराळी होती. त्यांच्या हाती १४ बिटांची डीएसी चिप होती, टीडीए १५४०, आणि त्यांचा आग्रहही १४ बिटांचाच होता. सोनी म्हणाली १६. १९८० मध्ये दोघांनी मिळून जे मानक ठरवलं त्यात १६ आले. तयार माल हातात आणि ऑर्डर दुसऱ्याच मापाची! एखाद्याने नवी चिप तयार होईपर्यंत दुकान बंद ठेवलं असतं. फिलिप्सच्या मंडळींनी आहे त्यात भागवलं. त्यांनी डीएसीच्या आधी एसएए ७०३० नावाची दुसरी चिप बसवली. ती दोन आकड्यांच्या मधे आणखी तीन आकडे हिशेबाने काढून भरायची. सेकंदाला ४४,१०० ऐवजी १,७६,४०० आकडे झाले आणि भुतं एकदम १५० किलोहर्ट्झच्या पलीकडे गेली. तिथून त्यांना हाकलायला साधा, मवाळ अ‍ॅनलॉग फिल्टर पुरतो. शिवाय १४ बिटांत न मावलेलं जे उरायचं ते टाकून न देता पुढच्या आकड्याच्या हिशेबात घ्यायचं, अशी युक्ती करून कानाच्या टापूत १६ बिटांची कामगिरी काढली. बेल्जियममधल्या हासेल्टच्या कारखान्यात तयार झालेला त्यांचा पहिला प्लेअर, सीडी १००, याच जोडीवर गायला. अडचणीतून निघालेला हा उपाय इतका चोख होता की पुढे सगळ्यांनीच तो उचलला, सोनीनेसुद्धा. माझ्या मते सीडीच्या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग हाच आहे. दुर्दैवाने तो पाठ्यपुस्तकात जातो आणि गप्पांमध्ये कधी येत नाही.

दशकाच्या मध्यावर १६ बिटांची टीडीए १५४१ आली आणि तिच्या सोबतीला आपला आरोपी, एसएए ७२२०. एकत्र कुटुंबात जशी थोरली सून असते, तशी ही चिप. हिचं नेमणुकीचं काम फिल्टरचं, १२० गुणकांचा हिशेब घालून मधले आकडे भरण्याचं. पण सीडीवर ओरखडा असला आणि दुरुस्ती करूनही काही आकडे वाचता आले नाहीत, तर दोन्ही बाजूंचे आकडे बघून मधली जागा सांधून घेते हीच. घरात वाद नको म्हणून आवाज हळूच बंद करते हीच. ११.२८९६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल हिच्याच दोन पिनांवर टांगलेला असतो, म्हणजे घराचं घड्याळही हिच्या कमरेला, आणि सीडीवरून वाचलेलं उलगडणाऱ्या आधीच्या डीकोडर चिपला वेळ हीच सांगते. एवढं करून बाहेरच्या जगाशी बोलायचं झालं तर तेही हिनेच. डिजिटल आउटपुट निघतं ते हिच्या १४ व्या पिनवर. कित्येक स्वस्त मॉडेलांत तर मागच्या बाजूला डिजिटल आउटपुटचं सॉकेटच नसायचं, तरी ही आत बसून १४ व्या पिनवर सगळं गाणं आकड्यांत सांगत असायची. ऐकणारं कुणी नाही!

या सगळ्या प्रकरणात चौदा हा आकडा फार येतो. सीडीवर कोरताना ८ बिटांचे १४ करतात. फिलिप्सची पहिली डीएसी १४ बिटांची. टीडीए १५४१ च्या दोन्ही अंगांना छोटे कपॅसिटर लागतात, तेही १४. रूडी व्हॅन डी प्लासी या फिलिप्सच्या शास्त्रज्ञाची ती करामत: चिपमधले प्रवाह तंतोतंत सारखे करणं अशक्य, म्हणून ते सतत आळीपाळीने फिरवत राहायचे आणि सरासरी तंतोतंत काढायची. हे कपॅसिटर ती सरासरी सांभाळतात. आणि शेवटी ही चौदावी पिन. देव-दानवांनी समुद्र घुसळून रत्नं काढली तीही चौदाच. आमच्या स्नेह्यांना चौदावं रत्न कसं मिळालं ते पुढे येईलच.

आरोपपत्रात काय होतं? एक म्हणजे ७२२० वीज फार खाते, तापते आणि शेजारच्या नाजूक डीएसीच्या वाट्याच्या विजेत खळबळ करते. यात तथ्य आहे. दुसरं, तिच्या हिशेबामुळे टाळी वाजायच्या आधीच टाळीचा बारीकसा कंप उमटतो. यातही तथ्य आहे, फक्त तो कंप २२ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. तिसरं कलम तत्त्वाचं. मधले आकडे ‘खरे’ नव्हेत, चिपने पदरचे घातलेले आहेत. १९९० च्या दशकात जपानमध्ये र्‍योहेई कुसुनोकी यांनी हा फिल्टर काढून टाका, आकडे आहेत तसे डीएसीला द्या, असा विचार मांडला आणि जगभर लोक हातात सोल्डरिंग गन घेऊन उठले. मधले आकडे भरण्याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात, म्हणून हा पंथ नॉन-ओव्हरसॅम्पलिंगचा. लाडाचं नाव ‘नॉस’. व्रतवैकल्याची आवड असणाऱ्याला हा पंथ पटकन पटतो, कारण यात काही विकत घ्यावं लागत नाही, सोडावं लागतं.

मधले आकडे पदरचे, हा युक्तिवाद मला कधी पटला नाही. गणित असं सांगतं की २२ किलोहर्ट्झच्या खालचा सूर असेल, तर त्या नमुन्यांमधून जाणारी वक्ररेषा एकच असते. मधले आकडे त्या रेषेवर आधीच बसलेले असतात, चिप ते फक्त वाचते. उलट ते न भरता जिन्याच्या पायऱ्यांसारखा आवाज बाहेर सोडला, की वरच्या पट्टीत उतार लागतो: १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० ला तीन डेसिबलहून थोडा जास्त. म्हणजे झांजांची धार जरा बोथट. तिलाच मंडळी ‘ऊब’ म्हणतात. ऊब आवडायला काहीच हरकत नाही. मलाही आवडते. पण ती ट्रेबलचं बटण किंचित डावीकडे फिरवूनही मिळते, आणि त्यासाठी कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही.

हे मी स्नेह्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तुम्ही ऐकून मग बोला.’’

तर त्यांनी ७२२० काढली. २४ पिनांचं सोल्डर वितळवून, बोर्डाला धक्का न लावता. हे मात्र मानलं पाहिजे. चिप अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून काडेपेटीत ठेवली. (या छंदातला माणूस काढून टाकतो, पण टाकून कधीच देत नाही.) डीकोडरपासून डीएसीपर्यंत तीन वायरी जोडल्या, सीडी घातली, बटण दाबलं. प्लेअर मख्ख. घरचं घड्याळच काडेपेटीत गेलेलं, तर कोण कधी उठणार? मग ११.२८९६ चा वेगळा ऑसिलेटर पार्सलने मागवणं आलं, त्याला वेगळा वीजपुरवठा आला. सोडण्याचं व्रत म्हणून सुरू झालेल्या गोष्टीची बिलं फाइल करण्याइतकी झाली.

शेवटी एका रविवारी तो गायला आणि आम्हाला निमंत्रण आलं. स्नेह्यांनी केसरबाई केरकर लावल्या. ७८ च्या तबकडीवरून सीडीवर आलेलं गाणं. तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करायचा तो जमाना. हीच बाई, जिचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर सूर्यमालेबाहेर निघालं. आवाज सुरू झाला आणि आम्ही सगळेच गप्प झालो. गाणं संपल्यावर स्नेही म्हणाले, ‘‘बघा, हवा कशी मोकळी झालीय!’’ मी होय म्हणालो. गाणं तसंच होतं. पण ७८ च्या त्या तबकडीवर आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर खरखरीखेरीज काही असण्याचा संभव फार थोडा, आणि फिल्टरचं भांडण चाललंय वीसच्या वर. जमलेल्या चौघांची वयं पाहता त्या सभेत १४ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकणारं फक्त त्यांचं मांजर होतं, आणि ते झोपलं होतं.

कानांच्या बाबतीत मी कुणालाच हसत नाही, कारण कान एकटे ऐकत नाहीत. काय ऐकायचंय हे आपल्याला आधी माहीत असतं, त्या माहितीसकट ते ऐकतात. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाची ध्वनिमुद्रणं एकदा सरळ ऐकवायची आणि एकदा मधे सीडीच्या १६ बिट, ४४.१ मधून काढून. पाहायचं काही नाही, फक्त ओळखायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर साधारण एवढीच आली असती. या छंदातल्या माणसाला हा आकडा सांगू नये. तो आधी विचारतो, त्यांनी केबल कोणती वापरली होती?

१९८९-९० च्या सुमाराला सीडीच्या कडेला हिरव्या मार्करने रंग दिला की आवाज सुधारतो, अशी लाट परदेशात आली होती. लेझरचा सांडलेला प्रकाश म्हणे हिरवा रंग शोषून घेतो. लोकांनी खरोखर मार्कर विकत घेतले, रंगवले आणि फरक ऐकला. त्या मानाने चिप काढणं ही अभ्यासू मंडळींची गोष्ट.

आता डिजिटल आउटपुट. स्नेह्यांचा मुलगा नेदरलंड्समध्ये आयंडहोव्हनला असतो, म्हणजे १८९१ मध्ये जिथे फिलिप्स जन्मली त्याच गावात. सुटीवर येताना त्याने बाबांसाठी बाहेरून जोडायचा एक आधुनिक डीएसी आणला. ‘‘बाबा, जुन्या प्लेअरचं डिजिटल आउटपुट याला द्या. आतलं सगळं बाजूलाच राहील.’’ बाबांनी मागच्या सॉकेटला केबल लावली. नव्या डब्यावरचा दिवा लाल. केबल बदलली. लाल. मुलगा म्हणाला, ‘‘सॉकेट मेलंय का?’’ तेव्हा स्नेह्यांच्या लक्षात आलं की सॉकेट ठणठणीत आहे, त्यातून बोलणारी बाई काडेपेटीत आहे.

हे झालं चौदावं रत्न.

मला यातली गंमत अशी वाटते की, फिल्टर नको म्हणणाऱ्याला खरं तर चौदाव्या पिनेहून सोपा रस्ता नव्हता. ७२२० डिजिटल आउटपुटवर जे पाठवते ते ४४.१ चेच आकडे, मधले तीन घालायच्या आधीचे. तिच्या फिल्टरला वळसा घालणारी वाट तिनेच स्वतःच्या अंगणातून काढून दिली होती.

ते आउटपुट मात्र दिसतं तितकं भोळं नाही. सोनी आणि फिलिप्स यांच्या नावांवरून त्याला एसपीडीआयएफ म्हणतात. एका वायरीत डावा, उजवा, त्यांच्याबरोबरच्या चिठ्ठ्याचपाट्या आणि वेळ, सगळं गुंफून सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० बिटं जातात. पातळी जेमतेम अर्धा व्होल्ट. वायर ७५ ओहमची हवी, असं मानक सांगतं आणि मग तिला जे आरसीए सॉकेट देतात ते स्वतःच नीट ७५ ओहमचं नसतं. आकडे बहुतेक सुखरूप पोचतात. वाद आहे तो वेळेचा. समोरच्या डीएसीला घड्याळ लावायचं असतं ते याच गुंत्यातून शोधून, आणि शोधताना ते क्षणाच्या फार लहान अंशाने पुढे-मागे होतं. याला जिटर म्हणतात. १९९२ मध्ये ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे निबंधच वाचला, की या पद्धतीत मुळातच खोट आहे का? प्रश्न रास्त होता. पण २००५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी कसलेल्या कानांवर प्रयोग केले, तेव्हा संगीतात जिटर ओळखू यायला तो काहीशे नॅनोसेकंदांचा असावा लागतो असं निघालं. बऱ्यापैकी चालणाऱ्या कुठल्याही प्लेअरचा याहून कितीतरी कमी असतो. मला विचाराल तर डिजिटल आउटपुटवर जीव टांगणीला लावण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीच्या काही सीड्या वरची पट्टी मुद्दाम चढवून केलेल्या असत, आणि प्लेअरने ती उतरवायची असे. याला एम्फसिस म्हणतात. प्लेअर तशी चिठ्ठी आउटपुटवरही पाठवतो. काही नवे डबे ती वाचतच नाहीत, आणि मग गाणं कर्कश होतं. इथे फरक ऐकायला नॅनोसेकंद लागत नाहीत, आजीलाही कळतो.

प्लेअर आणि काडेपेटी घेऊन स्नेही बुधवार पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडे गेले. मी सोबतीला होतो. त्यांनी काडेपेटी उघडली, चिपच्या पाठीवरचे आकडे भिंगातून वाचले.

‘‘ही कुणी काढली?’’

‘‘मीच.’’

‘‘जळली होती?’’

‘‘नाही. आवाज सुधारायला काढली.’’

‘‘मग आता का बसवायची?’’

‘‘आवाज बाहेर काढायला.’’

कारागिरांनी आणखी काही विचारलं नाही. ‘‘बेस लावून देतो,’’ एवढंच म्हणाले. म्हणजे चिप थेट बोर्डावर न जोडता आधी सॉकेट जोडायचं आणि त्यात चिप बसवायची, पुढच्या वेळी सोल्डरशिवाय काढता येईल. या पुढच्या वेळेबद्दल त्यांना शंका नव्हती. तीन वायरी आणि पार्सलचा ऑसिलेटर काढून त्यांनी स्नेह्यांच्या हातात दिले. ते काडेपेटीत मावेनात, म्हणून मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात गेले.

चौदावी पिन बोलू लागली, डब्यावरचा दिवा हिरवा झाला. आणि त्या डब्यात काय असावं? फिल्टर. एक नव्हे, सात. कुठला हवा तो रिमोटवरून निवडायचा: झटकन उतरणारा, सावकाश उतरणारा, आधी कंप असलेला, नंतर कंप असलेला. सर्वांत शेवटचा पर्याय ‘नॉस’, म्हणजे फिल्टरच नाही. ज्यासाठी २४ पिना उपसल्या ते आता खुर्चीतून न उठता मिळतं, त्यामुळे अर्थातच त्यात गोडी राहिलेली नाही. स्नेही तो पर्याय लावतच नाहीत. त्यांनी वही केली आहे. एका रकान्यात रागाचं नाव, दुसऱ्यात फिल्टरचा नंबर, तिसऱ्यात शेरा. परवा विचारलं, कुठला कायम केलात? म्हणाले, ‘‘सध्या चौथ्यावर आहे. पण पाऊस सुरू झाला की मल्हाराला दुसरा लावून बघणार आहे.’’